तुमचं स्टिकर काय बोलतं?

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक सोप्पं काम. हा अंक वाचता वाचता जरा मान वळवा आणि आपल्या दप्तराकडे बघा. कंपासपेटी, पाण्याची बाटली, डबा, वहीचं कव्हर. बाहेर सायकल उभी असेल तर तीही बघा. घरातला मोबाईल हाताशी असेल तर त्याची पाठ बघा. या सगळ्यांवर मिळून किती स्टिकरं आहेत? मोजा बरं!

मोजलीत? आता दुसरं काम. ही स्टिकरं बोलायला लागली तर काय काय म्हणतील? क्रिकेटपटूचं स्टिकर म्हणेल, "हिला षटकार आवडतात." कार्टूनचं म्हणेल, "याला हसायला आवडतं." विठोबाचं, शिवाजी महाराजांचं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, काबेचं किंवा क्रूसाचं स्टिकर सांगेल, "आमच्या घरी यांना मानतात." मडगार्डावरचं एखाद्या पक्षाचं चिन्ह सांगेल, "आमच्या घरची मतं अमक्याला जातात." आणि नुसतं नाव लिहिलेलं स्टिकर दटावेल, "वस्तू माझी आहे, हात लावायचा नाही!"

म्हणजे बघा, आपण शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकतो, तोंडातून एक शब्दही निघालेला नसतो, आणि आपल्या सायकलने, बाटलीने, कंपासपेटीने आपली अर्धी ओळख करूनही दिलेली असते. मग ही मंडळी आपल्याबद्दल काय बोलतात, त्याची चौकशी करायला नको का? तीच आज करू. आणि त्यासाठी जाऊ पंढरपूरला. पंढरपूरलाच का? तर ओळखीच्या खुणा अंगावर वागवणारी लाखो माणसं एका गावात गोळा होतात, असं ठिकाण आपल्या महाराष्ट्रात याहून चांगलं कुठलं सापडणार?

पण गावात शिरण्याआधी वाटेतच जरा थांबायचं आहे. पंढरपूरच्या आसपासचा भाग उसाचा. हिवाळ्यात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला, की ट्रॅक्टरच्या मागे उसाने लादलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस जाताना दिसतात. ट्रॉलीच्या बाहेर ऊस लोंबत असतो. मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला अंधारात पुढे काय आहे ते कळतच नाही. अशा वेळी ट्रॉलीला मागे लावलेली लाल पट्टी त्याचा जीव वाचवते. त्याच्या गाडीचा उजेड पडला, की ती लख्खकन चमकते. या पट्टीला आपण सगळे 'रेडियम' म्हणतो. दुकानांवर पाट्यासुद्धा 'रेडियम आर्ट' अशाच असतात. गंमत अशी, की तिच्यात रेडियम अजिबात नसतं! रेडियम हे मूलद्रव्य मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ साली शोधलं. पुढे घड्याळाचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून त्याचा रंग वापरू लागले. तो रंग भरणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुली आजारी पडल्या, काही दगावल्या, आणि तो वापर हळूहळू बंद झाला. पण 'चमकतं ते रेडियम' हे नाव आपल्याकडे टिकलं. या पट्टीत काचेचे अगदी बारीक मणी किंवा तशीच बारीक रचना असते. आलेला उजेड ती आल्या वाटेने परत पाठवते, बस्स.

ही पट्टी काय म्हणते? एवढंच, की "मी इथं आहे, मला धडकू नका." जगातलं हे सगळ्यांत प्रामाणिक स्टिकर म्हणायला हवं. आणि विचार केलात तर आपली सगळीच स्टिकरं मुळात असंच काहीसं म्हणत असतात. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात, एकसारख्या गणवेशात, आपणही कुणाला तरी दिसावं असं वाटतं. "मी इथं आहे." यात वाईट काही नाही. आईबाबांनीही मुलांच्या कंपासपेटीवरची गर्दी बघून लगेच रागावू नये. ती वयाची भूक आहे.

आता ही चिकटवाचिकटवी आली कुठून तेही बघून टाकू. पूर्वी काही चिकटवायचं म्हणजे खळ लागायची. मैदा किंवा साबुदाणा शिजवायचा, तो कागदाला फासायचा, हात बरबटून घ्यायचे. मागचा कागद सोलला की चिकटलं, अशी लेबलं अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या स्टॅन्टन एव्हरी याने १९३५ साली बनवली. तेव्हा ती दुकानातल्या मालासाठी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्सस सिटीमधल्या फॉरेस्ट गिल या छपाईवाल्याने मोटारीच्या बंपरवर चिकटणाऱ्या पट्ट्या छापल्या. थोड्याच वर्षांत तिथले निवडणुकीचे उमेदवार या पट्ट्यांवरून लोकांच्या मोटारींवर जाऊन बसले. मग हे लोण जगभर पसरलं.

सोय झाली खरी. पण चिकटवणं फार म्हणजे फारच सोपं झालं. दहा रुपये आणि पाच सेकंद! एवढ्यात आपण कुणाचे तरी भक्त, कुणाचे तरी मावळे, कुणाचे तरी अनुयायी होऊन मोकळे होतो.

चला, आता पंढरपुरात शिरू. वर्षात चार मोठ्या वाऱ्या, चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. त्यांत आषाढीची गर्दी सगळ्यांत मोठी. देवळाच्या आसपासच्या गल्ल्यांत दुकानंच दुकानं. तुळशीच्या माळा, गोपीचंदन, अबीर, बुक्का, टाळ, भगव्या पताका. वारकऱ्याला ओळखायला त्याचं नाव विचारावं लागत नाही. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला गोपीचंदन आणि बुक्का, खांद्यावर पताका. ही झाली त्याची 'स्टिकरं'!

पण थांबा. माळ दुकानात थोड्या पैशांत मिळते, हे खरं. वारकरी मात्र ती अशी कुठूनही आणून गळ्यात अडकवत नाही. परंपरेतल्या एखाद्या जाणत्या माणसाच्या हातून ती घालून घेतात, आणि तिच्याबरोबर नेम येतात. पंढरीची वारी चुकवायची नाही. एकादशी करायची. हरिपाठ म्हणायचा. दारू आणि मांसाहार वर्ज्य. खोटं बोलायचं नाही, दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही. म्हणून खेड्यात "तो माळकरी आहे" एवढं म्हटलं, की ऐकणाऱ्याला बरंच काही कळतं. आणि असा माणूस भलतंच काही करताना दिसला, तर रस्त्यावरचा परका माणूससुद्धा त्याला हटकतो, "अहो, गळ्यात माळ आहे ना?" म्हणजे माळ घालणाऱ्याने सगळ्या जगाला आपल्याला जाब विचारायचा हक्क देऊन ठेवलेला असतो. आपण म्हणतो ना, माणसाने खाल्ल्या मिठाला जागावं? तसा वारकरी माळेला जागतो.

आता आपल्या स्टिकराकडे वळा. त्याला आपण जागतो का? घोड्यावरच्या शिवाजी महाराजांचं स्टिकर लावलेली मोटारसायकल लाल दिवा तोडून, फुटपाथवरच्या भाजीवालीला घाबरवून निघून जाते, असं कधी पाहिलंय? महाराजांनी तर चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्याच अधिकाऱ्यांना पत्र लिहून बजावलं होतं, की रयतेला काडीचाही त्रास होता कामा नये. वहीच्या कव्हरवर बाबासाहेबांचं स्टिकर असतं आणि आतली वही महिनाभर कोरी असते, असंही होतं. बाबासाहेबांनी तर मुंबईत दादरला 'राजगृह' बांधताना घरच्या माणसांबरोबर आपल्या पुस्तकांच्याही जागेचा विचार केला होता. आणि सायकलवर 'माऊली' लिहिलेला मुलगा स्टँडवर दुसऱ्याची सायकल पाडून पुढे जातो, उचलत नाही! इथे दोष स्टिकराचा नाही. ते बिचारं जिथे लावाल तिथे चिकटतं. जागायचं आपल्याला असतं.

खुणेची खरी किंमत केव्हा कळते माहीत आहे? ती अंगावर बाळगणं महाग पडतं तेव्हा. आपल्या सोलापूरचंच बघा. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला. तेव्हाच्या तिरंग्यावर चरखा होता, आणि राज्य इंग्रजांचं होतं. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, शहर पेटून उठलं, गोळीबार झाला, आणि १२ मे ते ३० जून असा सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लागू झाला. त्या दिवसांत हातात झेंडा किंवा डोक्यावर गांधी टोपी दिसली, तरी माणूस संकटात सापडे. टोपी ती केवढी? हातभर पांढरं कापड! पण ती घालायची तर तुरुंगाची तयारी ठेवून घालायची. त्या आंदोलनात पकडलेल्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. ही चार नावं एकापाठोपाठ मोठ्याने वाचा. धर्म वेगळे, जाती वेगळ्या, आडनावं वेगळी, पण झेंडा एक. खुणेने माणसं अशीही जोडली जातात.

आणि खुणेमुळे माणसं आंधळीही होतात! त्याचीही गोष्ट पंढरपुरातच आहे. नरहरी सोनार हे इथले नामांकित कारागीर आणि कडवे शिवभक्त. इतके कडवे, की पंढरपुरात राहूनही विठ्ठलाचं तोंड पाहायचं नाही, असा त्यांचा नेम. एका सावकाराने विठ्ठलाला सोन्याचा कमरपट्टा करायचं ठरवलं. नरहरींनी देवळात यायला नकार दिला, म्हणून सावकारानेच माप आणून दिलं. पट्टा तयार झाला, पण देवाच्या कमरेला बसेना. दुरुस्त करून पाठवला, तरी बसेना. शेवटी नरहरी स्वतः गेले, पण डोळ्यांना पट्टी बांधून! मूर्तीच्या कमरेभोवती हात फिरवतात तो काय, हाताला लागलं व्याघ्रचर्म, लागला साप, लागली पाच मुखं. हा तर आपला शंकर! घाईघाईने पट्टी सोडली, तर समोर विठ्ठल. पुन्हा बांधली, तर पुन्हा शंकर. तेव्हा त्यांना उमगलं, की दोन्ही एकच. पट्टी सुटली आणि कमरपट्टाही बरोब्बर बसला, अशी ही कथा सांगतात.

नरहरींनी शिवभक्ती सोडली का? मुळीच नाही. शिवाला मानण्यात काही वावगं नव्हतंच. वावगं होतं ते डोळ्यांवरच्या पट्टीत. आपण एखादं स्टिकर लावलं आणि त्यामुळे शेजारच्या बाकावरच्या मुलाचं तोंडही बघेनासे झालो, तर समजावं, की स्टिकर सायकलवरून निघून आपल्या डोळ्यांवर चिकटलंय.

पण पंढरपूरची एक गोष्ट याहूनही अवघड आहे. ती कथा नाही, इतिहास आहे. वारीत एक सुंदर पद्धत आहे. दोन वारकरी भेटले, की एकमेकांच्या पाया पडतात. लहान-मोठा, गरीब-श्रीमंत काही बघत नाहीत. सगळेच एकमेकांचे 'माऊली'. अशा या गावात, मंगळवेढ्याचे संत चोखामेळा गळ्यात तीच माळ आणि ओठांवर तेच नाव घेऊन येत. पण जातीने महार म्हणून त्यांना देवळात पाऊल ठेवता येत नसे. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललेलं असताना भिंत कोसळून ते गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. म्हणजे देवळाच्या बाहेरच! त्यानंतर सहाशे वर्षं हे असंच चाललं. अस्पृश्य मानलेल्या जातींचे वारकरी शेकडो मैल चालत येत आणि चोखोबांच्या समाधीला हात लावून परत फिरत. गळ्यातली माळ सगळ्यांची सारखी होती. दार मात्र सारखं उघडत नव्हतं.

हे साने गुरुजींना सहन होईना. 'श्यामची आई' लिहिणारे आपले साने गुरुजी! त्यांनी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावलं. आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. दहा दिवस. १० मे रोजी मंदिर सर्वांना खुलं करण्याचं ठरलं, आणि उपोषण सुटलं. स्वातंत्र्य यायला तेव्हा तीन महिने उरले होते. आज नामदेव पायरीपाशी उभे राहिलात, तर चोखोबांची समाधी नक्की बघा आणि तिथून देवळाच्या दारापर्यंतची पावलं मोजा. मोजकीच आहेत. तेवढं अंतर तोडायला सहा शतकं लागली.

"पण हे सगळं जुनं झालं," असं कुणी म्हणेल. नाही हो! आता तुमच्याच वयाच्या मुलांची गोष्ट ऐका. तमिळनाडूतल्या काही शाळांत मुलं मनगटावर रंगीत दोरे आणि पट्टे बांधून येत. दिसायला साधी हौस. पण कुठल्या रंगाचा पट्टा कुठल्या जातीचा, हे सगळ्यांना ठाऊक. मैदानात संघ पाडताना, डबा खाताना, भांडण झाल्यावर धावून जाताना, आधी मनगट बघायचं! २०१९ साली तिथल्या शिक्षण खात्याला यावर पत्रक काढावं लागलं. ऑगस्ट २०२३ मध्ये तर नांगुनेरी गावात एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळेतल्या मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले. वाचवायला धावलेली त्याची लहान बहीणही जखमी झाली. तो मुलगा वाचला. पुढच्या वर्षी बारावीची परीक्षाही पास झाला. हल्ल्यानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली होती. जून २०२४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातल्या शिफारशी ऐका. विद्यार्थ्यांनी जात दाखवणारे मनगटपट्टे, अंगठ्या, कपाळावरच्या खुणा वापरू नयेत. आणि पुढचं वाक्य आपल्याच कामाचं आहे. जातीच्या खुणांनी रंगवलेल्या सायकली शाळेत आणू नयेत.

सायकली! आपण मघाशी ज्यांवरची स्टिकरं मोजली, त्याच. आपल्या शाळेच्या सायकल स्टँडवर एक चक्कर मारा आणि सांगा, ही गोष्ट आपल्यापासून खरंच फार लांबची आहे का?

मग काय, शाळेत कुठलीच खूण नको? असंही नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डिसेंबर १९६५ मध्ये, मेरी बेथ टिंकर ही तेरा वर्षांची मुलगी, तिचा भाऊ आणि आणखी काही मुलं दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. व्हिएतनामच्या युद्धात मरणाऱ्या माणसांचं त्यांना दुःख वाटत होतं आणि युद्ध थांबावं असं वाटत होतं. शाळेने त्यांना घरी पाठवलं. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६९ साली निकाल लागला, तो मुलांच्या बाजूने. शाळेच्या कामात खरोखरचा व्यत्यय येत नसेल, तर मुलांनाही शांतपणे आपलं मत दाखवायचा हक्क आहे, असं न्यायालयाने ठरवलं.

आता हे दोन दंड शेजारी शेजारी ठेवून बघा. एकावर रंगीत पट्टा, एकावर काळी फीत. दोन्ही कापडाचेच. पट्टा सांगतो, "मी अमक्यांचा, तू आमच्यातला नाहीस." तुम्ही कितीही समजून घेतलंत, तरी त्या पट्ट्यात तुम्हाला जागा नाही, कारण जात जन्माने मिळते. काळी फीत सांगते, "मला असं असं वाटतं. तुला काय वाटतं?" ती बघून तुम्ही सहमत व्हाल, वाद घालाल, उद्या स्वतःही बांधाल. एक खूण दार लावते, दुसरी दार उघडते. स्टिकर लावताना हा फरक ध्यानात ठेवला, की पुष्कळ झालं.

राजकीय पक्षांच्या स्टिकरांबद्दलही बोलायला हवं. निवडणूक आली, की गल्लीत बिल्ले, झेंडे, स्टिकरं यांचा पाऊस पडतो, आणि गोळा करायला मुलं सगळ्यांत पुढे! ही चिन्हं कशासाठी आली माहीत आहे? स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली, तेव्हा बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनाही आपला उमेदवार ओळखता यावा म्हणून चित्रांची चिन्हं दिली गेली. किती चांगला विचार! पण त्याचबरोबर कायद्याने असंही ठरवलं, की मतदान गुप्त राहील आणि मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार चालणार नाही. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना पुन्हा बजावलं, की प्रचाराच्या कामात मुलांना वापरू नका. मत द्यायचं वय १८. तोवर तुमच्या सायकलवरचं पक्षाचं चिन्ह नेमकं कुणाचं मत सांगतं? तुमचं, बाबांचं, की ज्याने फुकट स्टिकर वाटलं त्याचं? बिल्ले जमवा हवे तर, पण सगळ्या पक्षांचे जमवा आणि वहीत लावून ठेवा. तो छंद झाला. छातीवर लावायचा बिल्ला आपण विचार करून, मोठं झाल्यावर निवडावा.

आता दोन शब्द आईबाबांसाठी. तुमच्या मोटारसायकलवर, गाडीच्या काचेवर काय चिकटवलंय, ते मुलं रोज वाचतात. घरात कुणी एक पोलीस आहे किंवा वर्तमानपत्रात आहे, म्हणून सगळ्यांच्या गाड्यांवर 'पोलीस' नाहीतर 'प्रेस' लावलं, की मुलं त्यातून शिकतात, की ओळख म्हणजे नियमातून सुटायची सोय. नंबरप्लेटवर चार-एक-चार-एक हे आकडे वळवून 'दादा' लिहिलं, की मुलाला कळतं, की दादा नियमापेक्षा मोठा. खरं तर नंबरप्लेटवर नोंदणीच्या क्रमांकाची अक्षरं वाकडीतिकडी करायला मोटार वाहन नियमांची मनाई आहे. उत्तर प्रदेशात तर सप्टेंबर २०२५ मध्ये, उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, गाड्यांवरची जातीची नावं काढायचा आदेश सरकारने दिला. आदेश निघायची वाट कशाला बघायची? आणि काचेवर लावण्यासारखी चांगली स्टिकरं नसतात का? असतात की! २०२२ च्या आषाढीला राज्य सरकारने पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांच्या गाड्यांचा टोल माफ केला, तेव्हा गाडीचा नंबर आणि चालकाचं नाव लिहिलेले स्टिकरासारखे पास दिले होते. पुढच्या वर्षांतही ही सवलत मिळाली. दिंडीच्या ट्रकवर दिंडीचा क्रमांक लिहिलेला असतो, तोही लाखोंच्या गर्दीत चुकलेल्या एखाद्या आजीला आपली माणसं सापडावीत म्हणून. ही खरी कामाची ओळख.

तर दोस्तांनो, पुढचं स्टिकर सोलण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. पहिला, हे कुणाचं, कशाचं आहे, ते मला पाच वाक्यांत सांगता येईल का? दुसरा, मी याला जागतो का, जागते का? आणि तिसरा, हे बघून वर्गातल्या कुणाला दाराबाहेर उभं केल्यासारखं वाटेल का? तिन्हींची उत्तरं मनासारखी आली, तर खुशाल चिकटवा, आणि दिमाखात मिरवा! फक्त आपल्याच वस्तूवर हं. शाळेचा बाक, देवळाचा खांब आणि किल्ल्याची भिंत आपल्या एकट्याच्या नसतात.

आणि एखादं जुनं स्टिकर आता पटेनासं झालं असेल, तर ते काढायची लाज वाटू देऊ नका. माणूस मोठा होतो तशी त्याची मतंही मोठी होतात. काढायची युक्ती सांगू? स्टिकर सोलून घ्या. मागे जो चिकट डाग राहतो, त्यावर थोडं खोबरेल तेल लावा, दहा मिनिटं थांबा आणि फडक्याने पुसा. डाग जाईल. मग त्या रिकाम्या जागी तुमच्या स्वतःच्या हाताने एक स्टिकर बनवून लावा. छापलेलं नको, दुसऱ्या कुणाचं नको. तुम्ही काय करता, तुम्हाला काय मनापासून वाटतं, ते त्यावर काढा. कुणी झाड काढेल, कुणी तबला, कुणी गणिताचं चिन्ह, कुणी आजीचा चष्मा. काय काढलंत आणि का काढलंत, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. वाट बघतोय!